पेटंट-व्यवहारातील मुखत्यारपत्र : एका दुर्लक्षित कागदाचा इतिहास

१

पेटंटच्या इतिहासाचे लेखन बहुधा दोन वाटांनी झालेले आहे. एक वाट शोधकाची व त्याच्या यंत्राची. दुसरी कायद्याची व तो करणाऱ्या शासनसंस्थेची. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी व्यक्ती सतत उभी असते, तिच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. ही व्यक्ती म्हणजे शोधकाच्या वतीने कचेरीत अर्ज दाखल करणारा, आक्षेपांना उत्तरे देणारा व सुनावणीस उभा राहणारा प्रतिनिधी होय. आणि या प्रतिनिधीस बोलण्याचा अधिकार देणारा जो एक लहानसा कागद प्रत्येक प्रकरणात जोडलेला असतो, त्याला आपण अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र म्हणतो. प्रस्तुत लेखात या कागदाचा इतिहास, मुख्यतः इंग्लंड व हिंदुस्थान या दोन देशांपुरता, पाहावयाचा आहे.

हा कागद केवळ औपचारिक आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शोधकाने स्वतःच्या हाताने काय केले पाहिजे आणि दुसऱ्याच्या हातून काय करविले तर चालेल, यांमधील सीमारेषा या कागदाने आखली जाते. ही रेषा गेल्या पावणेदोनशे वर्षांत सतत सरकत आलेली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती प्रतिनिधीच्या बाजूने सरकली आहे. प्रतिनिधीचा अधिकार वाढत गेला; परंतु त्याच्या चुकीचे फळ कोणी भोगावयाचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र फार काळ जुनेच राहिले.

या संदर्भात आपल्या भाषेतील दोन शब्द उद्बोधक ठरतात. ‘वकील’ आणि ‘मुखत्यार’ हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आले. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपविले आहे तो. मराठेशाहीत हा शब्द प्रामुख्याने दरबारी प्रतिनिधीला लावीत. मुखत्यार या शब्दात मात्र निवड करण्याच्या स्वातंत्र्याचा अर्थ आहे. ‘खुदमुखत्यार’ या शब्दात तो अद्यापि स्पष्ट दिसतो. पहिला शब्द दुसऱ्याचे म्हणणे पोहोचविणारा सुचवितो, दुसरा स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारा. या दोहोंतील अंतर किती वाढू शकते, याचे उदाहरण इतिहासाच्या अभ्यासकांना सांगावयास नको. इ. स. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलम याजकडून ‘वकील-इ-मुत्लक’ हे पद पेशव्यांच्या नावे मिळविले व स्वतःकडे त्याची नायबी घेतली. कागदोपत्री पेशवे हे बादशहाचे प्रतिनिधी व शिंदे हे त्या प्रतिनिधीचे प्रतिनिधी होते. उत्तरेतील प्रत्यक्ष कारभार कोणाच्या हाती होता, हे सर्वश्रुत आहे. प्रतिनिधीच्या नावामागे सत्ता कोणाची आणि जबाबदारी कोणाची, हा प्रश्न राजकारणात जितका महत्त्वाचा, तितकाच तो लहान प्रमाणावर पेटंटच्या कचेरीतही महत्त्वाचा आहे.

२

इंग्लंडमध्ये इ. स. १८५२ पूर्वी पेटंट मिळविणे हे एक दीर्घ प्रवासासारखे होते. राजाकडे विनंतीअर्ज, गृहमंत्र्यांची कचेरी, ॲटर्नी जनरल अथवा सॉलिसिटर जनरल यांचा अहवाल, राजाची आज्ञा, त्यानंतर क्रमाने निरनिराळ्या मुद्रा, असा हा मार्ग होता. प्रत्येक पायरीवर स्वतंत्र कचेरी आणि स्वतंत्र फी. केवळ इंग्लंडपुरत्या पेटंटास सुमारे शंभर पौंड आणि स्कॉटलंड व आयर्लंड धरून तीनशेहून अधिक पौंड खर्च येत असे. चार्ल्स डिकन्स याने १८५० मध्ये एका गरीब कारागिराच्या तोंडून या पद्धतीचा उपहास केला, आणि पायऱ्यांची संख्या तिसांवर मोजून दाखविली. त्या लेखनातील विनोद बाजूला ठेवला तरी त्यातील वस्तुस्थिती खरी होती. कारागिराला स्वतः या कचेऱ्या हिंडणे अशक्य होते. त्यामुळे वाटाड्या आवश्यक ठरला.

हा वाटाड्या कोण असावा, याविषयी कसलाही नियम नव्हता. मोझेस पूल हा ॲटर्नी जनरलच्या कचेरीतील पेटंटविषयक कामाचा कारकून. तोच खाजगीरीत्या शोधकांचा अभिकर्ता म्हणूनही काम करी. ज्या टेबलावर अर्ज जावयाचा, त्या टेबलावरचाच मनुष्य अर्जदाराचा प्रतिनिधी असे. आजच्या दृष्टीने हा उघड हितसंबंधांचा संघर्ष होय. त्या काळी ती सोय मानली जाई.

याहून लक्षणीय प्रथा परदेशी शोधकांच्या बाबतीत होती. परदेशातून ‘कळविलेला’ शोध इंग्लंडमध्ये प्रथम आणणारा मनुष्य हाच कायद्याच्या दृष्टीने शोधक मानला जात असे. त्यामुळे एखाद्या फ्रेंच किंवा अमेरिकन शोधकाला मुखत्यारपत्र पाठविण्याचेही कारण नसे. लंडनमधील अभिकर्ता, हा शोध आपणास परदेशस्थ व्यक्तीकडून कळविण्यात आला आहे असे जाहीर करून, स्वतःच्याच नावाने पेटंट मिळवी. कागदावर पेटंटचा धनी अभिकर्ता. खरा शोधक केवळ विश्वासाच्या बळावर त्याच्यामागे उभा. प्रतिनिधी आणि धनी यांमधील भेद येथे कायद्याने पुसूनच टाकला होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पेटंटांच्या याद्या वाचताना एकाच अभिकर्त्याच्या नावावर परस्परांशी काहीही संबंध नसलेले अनेक शोध आढळतात, त्याचा उलगडा या प्रथेने होतो. अशा याद्यांवरून शोधकांची गणना करणाऱ्या अभ्यासकाने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

१८५२ च्या कायद्याने एक कचेरी आणि सुमारे पंचवीस पौंडांची प्रारंभिक फी अशी व्यवस्था केली. १८८३ च्या कायद्याने ही प्रारंभिक फी चार पौंडांवर आणली व अर्ज टपालाने पाठविण्याची मुभा दिली. परिणाम तात्काळ दिसला. १८८३ मध्ये सुमारे सहा हजार असलेली अर्जांची संख्या १८८४ मध्ये सतरा हजारांवर गेली. कचेरीचा दरवाजा सर्वांना उघडा झाला म्हणजे मध्यस्थाची गरज संपेल, असे कोणास वाटले असेल, तर ते खोटे ठरले. विनिर्देश लिहिणे, म्हणजे आपण काय शोधले आहे व कशावर हक्क सांगत आहोत हे कायद्याच्या भाषेत मांडणे, ही एक कला आहे. अर्जदार वाढले तशी या कलेची आणि तिचा नुसता बहाणा करणाऱ्यांचीही बाजारपेठ वाढली.

म्हणून १८८२ मध्ये पेटंट एजंटांची संस्था स्थापन झाली. १८८८ च्या कायद्याने नोंदणी झालेल्या मनुष्याखेरीज इतरांनी ‘पेटंट एजंट’ हे नामाभिधान लावू नये, असे ठरविले, आणि १८९१ मध्ये या संस्थेस राजसनद मिळाली. या व्यवस्थेला लवकरच आव्हान मिळाले. ग्लासगोच्या लॉकवुड नावाच्या एका एजंटाने वार्षिक वर्गणी भरण्याचे नाकारले आणि नोंदणीविषयी बोर्ड ऑफ ट्रेडने केलेले नियमच बेकायदा आहेत, असा पवित्रा घेतला. १८९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते नियम वैध ठरविले. हा निर्णय आज प्रशासकीय कायद्याच्या अभ्यासात प्रत्यायुक्त विधिनियमांच्या संदर्भात उद्धृत केला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. प्रतिनिधीला अधिकार देणारा आतापर्यंत एकच होता, तो म्हणजे शोधक. यापुढे दोघे झाले. शोधकाने कागद द्यावयाचा आणि राज्याने पात्रता द्यावयाची. दुहेरी अधिकाराची ही रचना पुढे हिंदुस्थानातही आली, परंतु तिला यावयास आणखी पाऊणशे वर्षे लागली.

३

हिंदुस्थानातील पेटंटविषयक कायद्याचा आरंभ १८५६ च्या सहाव्या अधिनियमाने झाला. १८५२ च्या इंग्रजी कायद्याचा आदर्श त्यापुढे होता. ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याच्या ग्रँट्स लेनमध्ये राहणारे जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या स्थापत्य अभियंत्यांनी पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल ‘अनन्य विशेषाधिकार’ मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला, आणि २ सप्टेंबर रोजी आकृत्यांसह विनिर्देश सादर केला. हिंदुस्थानातील पहिला विशेषाधिकार तो हाच. डीपेनिंग यांच्या नावाची पेढी पुढे पेटंट एजंटांची पेढी म्हणून प्रसिद्धीस आली. या देशाच्या पेटंट-इतिहासातील पहिला अर्जदार आणि अभिकर्त्यांच्या व्यवसायातील पहिले मोठे नाव ही एकाच घराण्याची असावीत, हा योगायोग मोठा सूचक आहे. कचेरीची वाट जो स्वतः चालून गेला, तोच पुढे दुसऱ्यांचा वाटाड्या झाला.

१८५६ चा कायदा राणीची पूर्वसंमती न घेता केला गेला, या कारणास्तव १८५७ मध्ये रद्द करण्यात आला, आणि १८५९ च्या पंधराव्या अधिनियमाने त्याची सुधारलेली आवृत्ती अमलात आली. या सुधारणांपैकी एक आपल्या विषयाला फार जवळची आहे. शोध केवळ आयात करणाऱ्या मनुष्याला ‘शोधक’ या व्याख्येतून वगळण्यात आले. इंग्लंडमध्ये जे चालत होते, म्हणजे अभिकर्त्याने स्वतःच्या नावाने परकीयाचा शोध दाखल करणे, ते येथे बंद झाले. आता इंग्लंडातील शोधकाला हिंदुस्थानात हक्क हवा असेल तर अर्ज त्याच्याच नावाने होणे आवश्यक होते, आणि तो स्वतः सात समुद्रांपलीकडे असल्यामुळे त्याच्या वतीने येथे कोणीतरी अधिकृतपणे उभा राहणेही आवश्यक होते. हिंदुस्थानच्या पेटंट-व्यवहारात लेखी अधिकारपत्राला जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या दोन गोष्टींच्या मेळात आहे. वसाहतीचे कायदे म्हणजे मातृदेशाच्या कायद्यांची नक्कल, असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे. या एका बाबतीत तरी वसाहतीचा कायदा मातृदेशाच्या प्रथेहून अधिक काटेकोर होता, हे नमूद केले पाहिजे.

अधिकारपत्राचा सर्वसाधारण कायदाही याच सुमारास आकाराला आला. १८७२ च्या करार अधिनियमाच्या दहाव्या प्रकरणात अभिकरणाचे नियम आहेत, आणि १८८२ मध्ये मुखत्यारपत्रांविषयी स्वतंत्र अधिनियम झाला. १८७९ च्या विधिव्यवसायी अधिनियमात ‘मुखत्यार’ ही कनिष्ठ न्यायालयांत काम करणाऱ्या व्यावसायिकांची एक मान्य श्रेणीच होती. करार अधिनियमातील तीन तत्त्वे येथे लक्षात घ्यावयास हवीत. अभिकर्त्याचा अधिकार शब्दांनी दिलेला असो किंवा परिस्थितीवरून अनुमानिलेला असो, तो चालतो. स्वतःवर सोपविलेले काम अभिकर्त्याने सामान्यतः तिसऱ्यावर सोपवू नये. आणि अधिकाराशिवाय केलेले कृत्य मूळ मालकाने मागाहून मान्य केले, तर ते आरंभापासून अधिकृत ठरते. मात्र अशा मान्यतेने तिसऱ्या व्यक्तीच्या हक्काला बाध येता कामा नये.

पेटंटच्या कायद्याला यांपैकी पहिले तत्त्व पुरेसे वाटले नाही. अनुमानित अधिकार येथे चालत नाही. तो लेखीच असावा लागतो. याचे कारण पेटंटच्या स्वरूपात आहे. सामान्य करारात दोन पक्ष समोरासमोर असतात. दुकानातील गुमास्त्याला मालकाचा अधिकार आहे की नाही, हे गिऱ्हाईक व्यवहारावरून ओळखू शकते. पेटंटचा हक्क मात्र साऱ्या जगाविरुद्ध असतो. अर्जाच्या तारखेवरून इतरांचे हक्क ठरतात. ज्याच्या वतीने अर्ज केला त्याची संमती होती की नाही हे संदिग्ध राहिले, तर त्या तारखेवर विसंबणारे सर्वच अधांतरी राहतील.

४

१९११ च्या दुसऱ्या अधिनियमाने नियंत्रकाचे पद निर्माण केले आणि पेटंटचे प्रशासन त्याच्याकडे सोपविले. कचेरी कलकत्त्यास होती. मुंबई किंवा पुण्याच्या शोधकाला ती लंडनच्या मानाने जवळ खरी. तरी प्रत्यक्ष उपस्थित राहणे त्यालाही सोपे नव्हते. अंतर केवळ परदेशीयांनाच होते असे नव्हे. ते देशातल्या देशातही होते, आणि मुखत्यारपत्र हा या अंतरावर टाकलेला पूल होता. तथापि हा पूल बांधणाऱ्याची पात्रता तपासणारी व्यवस्था नव्हती. एजंटांची नोंदवही नव्हती, परीक्षा नव्हती.

त्या काळातील हिंदी शोधकांपुढे कोणते मार्ग होते, हे दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून दिसते. मुंबईस जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७-१९३५) यांनी स्वतःच स्थलांतर केले. मुद्राक्षरे ओतण्याच्या यंत्रावरील काम त्यांनी लंडनमध्ये केले आणि पुढे ते न्यूयॉर्कला गेले. जेथे भांडवल आणि पेटंटची कचेरी, तेथे शोधकाने जावयाचे, हा एक मार्ग. दुसरे उदाहरण जगदीशचंद्र बसू यांचे. पेटंट घेण्याविषयी ते स्वतः उदासीन होते. तथापि त्यांच्या विद्युत्-तरंगांच्या ग्राहकाबद्दल ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७,५५,८४० या क्रमांकाचे पेटंट मिळाले. यामागे सारा चॅपमन बुल या अमेरिकन स्नेही स्त्रीचा आग्रह होता, आणि पेटंटचा अर्धा हिस्सा तिच्या नावे हस्तांतरित केलेला होता. येथे मुखत्यारी आणि हस्तांतरण यांतील भेद स्पष्ट होतो. मुखत्यारपत्राने आवाज दुसऱ्याला दिला जातो, हक्क नव्हे. हस्तांतरणाने हक्कच दिला जातो. ज्याच्याजवळ परदेशी व्यवहार सांभाळण्याचे साधन नाही, त्याला पुष्कळदा आवाजाची किंमत हक्काच्या हिश्श्याने मोजावी लागते.

स्वातंत्र्यानंतर पेटंटच्या कायद्याची फेरतपासणी सुरू झाली. बक्षी टेकचंद यांच्या समितीचा अंतिम अहवाल १९५० मध्ये व न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ मध्ये सादर झाला. १९६५ चे विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे जाऊन व्यपगत झाले; १९६७ च्या विधेयकातून अखेर १९७० चा एकोणचाळिसावा अधिनियम निष्पन्न झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधांविषयीच्या तरतुदींमुळे हा कायदा गाजला. त्या गाजावाजात त्याच्या एकविसाव्या प्रकरणाकडे, म्हणजे कलमे १२५ ते १३२ यांकडे, फारसे कोणी पाहिले नाही. याच प्रकरणाने देशात प्रथमच पेटंट एजंटांची नोंदवही निर्माण केली. १ नोव्हेंबर १९६६ पूर्वीपासून व्यवसाय करीत असलेल्या आणि किमान पाच संपूर्ण विनिर्देश दाखल केलेल्या व्यक्तींना परीक्षेवाचून नोंदणीची सवलत मिळाली. जुन्यांना सामावून घेऊन नव्यांना परीक्षा लावावयाची, ही कोणत्याही व्यवसायाच्या नियमनाची परिचित रीत येथेही दिसते.

या प्रकरणातील कलम १२८ आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. सर्वसाधारण अर्ज व पत्रव्यवहार यांवर, लेखी अधिकार दिलेला एजंट सही करू शकेल, असे त्याच्या पहिल्या पोटकलमात म्हटले आहे. परंतु मूळ कायद्यात दुसरे एक पोटकलम होते. पेटंटचा अर्ज आणि तत्सम काही महत्त्वाचे कागद यांवर संबंधित व्यक्तीनेच सही केली पाहिजे. ती भारताबाहेर असेल तरच एजंटाची सही चालेल, असा त्याचा आशय होता. म्हणजे वसाहतकाळात ज्या कारणाने मुखत्यारपत्र आवश्यक झाले ते अनुपस्थितीचे कारण १९७० मध्येही अपवादाच्या रूपाने जिवंत होते. दूर असलेल्याचा हात दुसरा होऊ शकेल. जवळ असलेल्याने स्वतःचा हात वापरावा. इ. स. २००२ च्या सुधारणेने हे पोटकलम वगळण्यात आले. एका ओळीच्या या दुरुस्तीने सीमारेषा मोठ्या अंतराने सरकली. आता शोधक कचेरीच्या शेजारी राहत असला तरी त्याची सही पेटंटच्या अर्जावर असलीच पाहिजे, असे नाही.

याच काळात पात्रतेचा प्रश्नही वादग्रस्त झाला. अ‍ॅडव्होकेटला परीक्षेवाचून पेटंट एजंट म्हणून नोंदणी मिळण्याची जी सोय होती, ती २००५ च्या सुधारणेने काढून घेतली, आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रशास्त्र यांतील पदवीची अट घातली. मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅडव्होकेटांना वगळणारी ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. मूळ वाद असा की, पेटंटच्या कामात प्रतिनिधी हा मुख्यतः कायदा जाणणारा असावा की यंत्र जाणणारा? कलम १३२ ने मात्र दोन दरवाजे सदैव उघडे ठेवले आहेत. अर्जदार स्वतः विनिर्देश लिहू शकतो व स्वतः उभा राहू शकतो. आणि एजंट नसलेला अ‍ॅडव्होकेटही सुनावणीत पक्षकाराच्या वतीने भाग घेऊ शकतो.

५

अधिकारपत्राची आजची पद्धत २००३ च्या नियमांतील नियम १३५ मध्ये आहे. हे पत्र नमुना क्रमांक २६ मध्ये किंवा मुखत्यारपत्राच्या रूपात द्यावयाचे असते. अर्ज दाखल केल्यापासून तीन महिन्यांत ते आले नाही, तर उणीव दूर होईपर्यंत अर्जावर पुढील कार्यवाही होत नाही. या तीन महिन्यांत करार अधिनियमातील ‘मागाहून मान्यता’ या तत्त्वाचे एक मर्यादित रूप दिसते. अर्जाची तारीख जाऊ नये म्हणून एजंटाने आधी अर्ज करावा, अधिकाराचा पुरावा मागून द्यावा. परंतु ही मोकळीक अनिर्बंध नसावी, असा हा समतोल आहे.

अधिकारपत्राचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. ज्या अर्जदाराचे भारतात वास्तव्य अथवा व्यवसाय नाही, त्याचा अर्ज कोलकाता, दिल्ली, चेन्नई व मुंबई यांपैकी कोणत्या कचेरीकडे जावयाचा, हे त्याने दिलेल्या भारतातील पत्त्यावरून ठरते. आणि हा पत्ता व्यवहारतः त्याच्या एजंटाचा असतो. प्रतिनिधीच्या पत्त्यावरून अधिकारक्षेत्र ठरावे, इतके महत्त्व या कागदाला आले आहे.

भारत ७ डिसेंबर १९९८ पासून पेटंट सहकार्य कराराचा सदस्य आहे. त्या कराराच्या नियमांत एक उद्बोधक भेद आढळतो. दैनंदिन व्यवहारासाठी स्वतंत्र मुखत्यारपत्राची अट संबंधित कचेरी माफ करू शकते. परंतु अर्ज मागे घ्यावयाचा असेल, तर ही माफी मिळत नाही. हक्क मिळविण्याच्या कामी प्रतिनिधीवर विश्वास ठेवावा, हक्क सोडून देण्याच्या कामी मात्र धन्याचा स्पष्ट शब्द हवा, असा हा विवेक आहे. सीमारेषा पूर्णपणे पुसावयाची नाही, हे येथे मान्य झालेले दिसते.

अंतराचा प्रश्न उलट दिशेनेही येतो. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये एक पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याच्या फेरतपासणीची मागणी केली, आणि १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले. या प्रकरणाचे श्रेय जुन्या ग्रंथांतील पुराव्यांना दिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु तो पुरावा परक्या कचेरीत तिच्या भाषेत व तिच्या रीतीने मांडावयास तेथील विधिज्ञांना अधिकार द्यावे लागले आणि त्यांचा खर्च सोसावा लागला, ही बाजूही इतिहासकाराने नोंदविली पाहिजे. ज्ञान कोणाचे, हा एक प्रश्न. त्या ज्ञानाच्या वतीने बोलण्याची ऐपत कोणाची, हा दुसरा.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रतिनिधी चुकला तर काय? करार अधिनियमाचे उत्तर सरळ आहे. अधिकाराच्या मर्यादेत अभिकर्त्याने केलेले कृत्य मालकाला बांधते. मालकाचे नुकसान झाले तर त्याने अभिकर्त्याकडून भरपाई मागावी. व्यापारात हे उत्तर पुरेसे आहे, कारण गेलेल्या मालाची किंमत करता येते. पेटंटच्या बाबतीत ते अपुरे पडते. परीक्षकाच्या पहिल्या अहवालाला मुदतीत उत्तर दिले नाही, तर कलम २१ नुसार अर्ज सोडून दिला असे मानले जाते. येथे कोणी काही करीत नाही; केवळ मौन असते. ते मौन एजंटाचे असते, परंतु कायदा त्याचा अर्थ ‘अर्जदाराने हक्क सोडला’ असा लावतो. अर्ज स्पष्ट शब्दांत मागे घेताना जी काळजी घ्यावयाची, ती मौनाने हक्क बुडताना घेतली जात नाही, हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा विसंवाद होय.

या विसंवादाचा विचार दिल्ली उच्च न्यायालयाने ३१ मे २०२२ च्या युरोपीय संघाच्या प्रकरणात केला. संघाचे दोन अर्ज उत्तर न दिल्यामुळे परित्यक्त मानले गेले होते. अर्जदार सतत चौकशी करीत होता व त्याचा हक्क सोडण्याचा हेतू नव्हता, असे न्यायालयास आढळले. असाधारण परिस्थितीत, एजंटाच्या चुकीचे फळ निर्दोष अर्जदाराला भोगावयास लावू नये, या भूमिकेवरून ते अर्ज पुन्हा कार्यवाहीस घेण्याचा आदेश झाला. हा निर्णय सर्वांना मोकळीक देणारा नाही. अर्जदाराचा स्वतःचा जागरूकपणा ही त्याची पूर्वअट आहे. एजंट नेमून निश्चिंत झोपलेल्याला त्याचा आधार मिळणार नाही. तथापि, ‘अधिकार दिला म्हणजे सर्व जबाबदारीही पत्करली’ या जुन्या सूत्राला त्याने मर्यादा घातली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. संघाजवळ वकील होते, साधने होती, उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ होते. एकाकी शोधकाजवळ ही असतीलच असे नाही.

विद्यापीठीय वाचकांना या इतिहासाचा आणखी एक पैलू जवळचा वाटेल. आज अनेक पेटंट-अर्ज विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्या नावे होतात. कलम ६ नुसार अर्ज खरा व प्रथम शोधक करू शकतो किंवा त्याने ज्याला हक्क हस्तांतरित केला तो करू शकतो. संस्था अर्जदार असेल, तेव्हा नमुना २६ वर सही संस्थेची असते, आणि एजंटाचा अशील संस्थाच असते. ज्याने प्रयोगशाळेत शोध लावला त्या विद्यार्थ्याचे किंवा प्राध्यापकाचे नाव शोधक म्हणून नोंदले जाते. परंतु अर्ज चालू ठेवावा की सोडावा, आक्षेपाला उत्तर द्यावे की न द्यावे, या निर्णयात त्या कागदाने त्याला स्थान दिलेले नसते. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या अभिकर्त्यामागे परदेशी शोधक जसा अदृश्य होई, त्याची आठवण येथे होते. तेव्हा अंतर समुद्राचे होते. आता ते एकाच आवारातील दोन इमारतींचे आहे. हस्तांतरणाच्या करारावर सही करताना संशोधकाने या गोष्टीची चौकशी अवश्य करावी. संस्थेने अर्ज सोडावयाचे ठरविल्यास तो आपल्याकडे परत घेण्याचा हक्क लेखी मागावयास काहीच प्रत्यवाय नाही.

सारांश, मुखत्यारपत्र हा पेटंटच्या दप्तरातील दुय्यम कागद नव्हे. तो कोणी दिला, कोणाला दिला, केव्हा दिला आणि कोणत्या कामापुरता दिला, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या काळच्या शोधकाचे शासनाशी, भांडवलाशी आणि व्यावसायिकांशी असलेले नाते उलगडू लागते. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील हिंदुस्थानी पेटंटांच्या अभ्यासात शोधकांच्या याद्या झाल्या आहेत, विषयवार वर्गीकरणे झाली आहेत. अभिकर्त्यांची व त्यांच्या अधिकारपत्रांची सुसंगत छाननी हे पुढील काम आहे. ते हाती घेणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक अर्जावरील सहीखाली कोणाचे नाव आहे एवढेच पाहून थांबू नये. त्या सहीमागे कोणाची संमती होती, हेही पाहावे.